मार्गदर्शनाची तासिका : प्रशिक्षणार्थी समुपदेशक आणि नांदेड-लातूरच्या शाळा

कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कार्यालयात भिंतीवर लावलेले वेळापत्रक पाहिले, तर त्यात मराठी, गणित, विज्ञान, इतिहास, शारीरिक शिक्षण अशा सर्व विषयांना आपापली जागा मिळालेली दिसते. विद्यार्थ्याने स्वतःविषयी विचार करावा, आपल्या अडचणी ओळखाव्यात, निर्णय कसा घ्यावा व मदत कोठे मागावी हे शिकावे, यासाठी मात्र त्या वेळापत्रकात बहुधा एकही रकाना नसतो. हे सारे मुलाला घरी, गावात, वाढत्या वयाबरोबर आपोआप कळते, असा आपला समज आहे. पूर्वी एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, काका, आत्या यांच्या सहवासात ते काही प्रमाणात कळतही असे. आज कुटुंबे लहान झाली आहेत, शिक्षणासाठी गाव सोडणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे, स्पर्धा तीव्र झाली आहे आणि मुलाच्या मनात काय चालले आहे हे जाणून घेण्यास कोणाकडेच सवड उरलेली नाही. अशा वेळी शाळेत मार्गदर्शनाचे पाठ देणारा समुपदेशक ही चैनीची बाब राहत नाही.

समुपदेशकाचे शिक्षण घेणारा प्रशिक्षणार्थी प्रथमच वर्गासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडून काय अपेक्षित असते, हा पाठ नेहमीच्या पाठापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा असतो आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिस्थितीत त्याला कोणते स्वरूप यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. शाळेशी संबंध असलेले अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांना या कार्यात स्वतःचा वाटा कोणता, हेही त्यातून स्पष्ट व्हावे, अशी अपेक्षा आहे.

मार्गदर्शन विचाराची वाटचाल

शालेय मार्गदर्शनाचा प्रारंभ वर्गातील पाठापासूनच झाला, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स येथील एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांनी १९०७ साली इंग्रजीच्या तासाला आठवड्यातून एकदा मार्गदर्शनाचा पाठ घेण्याची प्रथा सुरू केली. विद्यार्थ्यांनी आपल्या आवडी, स्वभाव आणि पुढील व्यवसाय यांविषयी निबंध लिहावेत व त्यांवर वर्गात चर्चा व्हावी, अशी ती योजना होती. पुढील वर्षी, १९०८ मध्ये, फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. स्वतःला ओळखणे, व्यवसायांची माहिती घेणे आणि या दोहोंचा विचारपूर्वक मेळ घालणे, हे त्यांचे त्रिसूत्र आजही या क्षेत्राचा पाया मानले जाते.

आपल्या राज्यालाही या कार्याची जुनी परंपरा आहे. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने, म्हणजेच आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. तत्कालीन मुंबई सरकारने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले व त्यातूनच पुढे व्यवसाय मार्गदर्शन संस्था विकसित झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांमध्ये मार्गदर्शन अधिकारी व व्यवसाय-शिक्षक असावेत, अशी शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने त्याही पुढे जाऊन, मार्गदर्शन हे अडचणीत सापडलेल्या मोजक्या मुलांसाठी नसून सर्वच विद्यार्थ्यांसाठी असलेले शिक्षणाचे अंग आहे व त्याचा आरंभ प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गापासून व्हावा, असे प्रतिपादन केले.

प्रत्यक्षात मात्र या विचाराचा प्रवास संथ गतीने झाला. मार्गदर्शन म्हणजे दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी याची माहिती, एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी रूढ झाला. राज्य मंडळामार्फत २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. उपक्रम मोठा होता. परंतु चाचणीचा कागद हातात पडल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगणारा, मुलाशी व त्याच्या पालकांशी बोलणारा माणूस शाळेत असेल, तरच त्या कागदाचे चीज होते, हा धडा त्यातून मिळाला.

मार्गदर्शनाचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध अलीकडे अधिक गंभीरपणे विचारात घेतला जात आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत वर होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्क-व्यवस्था ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. समुपदेशकांची गरज यामुळे एकदम वाढली आहे आणि म्हणूनच त्यांच्या प्रशिक्षणाचा दर्जा हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला आहे.

प्रशिक्षणाची रचना

समुपदेशक निरनिराळ्या मार्गांनी तयार होतात. काही जण विद्यापीठात मानसशास्त्राची वा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतात. काही जण मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका पूर्ण करतात. सेवेत असलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पदविका विशेष उपयुक्त ठरली. २००९ साली तिला जे स्वरूप देण्यात आले, त्यानुसार एका वर्षाचे तीन टप्पे पडतात : सहा महिने पत्रद्वारा व स्वयंअध्ययनाने अभ्यास, तीन महिने प्रशिक्षण केंद्रावर प्रत्यक्ष सराव आणि शेवटचे तीन महिने स्वतःच्या गावी वा शहरी शाळेतील आंतरवासिता. महाराष्ट्राचा समावेश भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात होतो.

या रचनेतील अखेरचा टप्पा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भोपाळला शिकून आलेला शिक्षक आपल्याच जिल्ह्यात परत येतो आणि पुस्तकात वाचलेले तंत्र त्याला देगलूर, किनवट, अहमदपूर किंवा औसा तालुक्यातील वर्गात वापरावे लागते. आपल्याकडील अध्यापक विद्यालयांना व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना सराव पाठाची परंपरा आहे. पाठ टाचण काढणे, उद्दिष्टे लिहिणे, निरीक्षकांसमोर पाठ घेणे, नंतर त्यावरील टीका ऐकणे, या शिस्तीतून आपले बहुतेक शिक्षक गेलेले आहेत. ही शिस्त मार्गदर्शन पाठासाठी उपयोगी आहे. मात्र तिचा एक धोकाही आहे. सराव पाठात ठरलेला आशय ठरलेल्या वेळात पूर्ण करणे यशाचे लक्षण मानले जाते. मार्गदर्शन पाठात एखाद्या मुलाने मध्येच विचारलेला प्रश्न हाच पाठाचा खरा आशय ठरू शकतो. टाचण बाजूला ठेवण्याची तयारी ज्याच्याजवळ नाही, त्याने कितीही उत्तम टाचण काढले तरी त्याचा पाठ कोरडाच राहतो.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागेल. समुपदेशन हे एका मुलाशी एकांतात होते व ते त्याच्या अडचणीभोवती फिरते. मार्गदर्शन पाठ संपूर्ण वर्गासाठी असतो आणि अडचण येण्यापूर्वीच कौशल्य देतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये मांडली, ती बहुतांशी अशाच पाठांतून शिकविता येतात. उदाहरणार्थ, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, भावना ओळखणे, ताणाला तोंड देणे, परस्परांशी नीट संवाद साधणे. शिवाय वर्गातील पाठ हा समुपदेशकाच्या खोलीचा उंबरठाही असतो. वर्गात ज्याचे बोलणे ऐकले, त्याच्याकडेच मूल पुढे एकटे जाण्यास धजते. 'समुपदेशकाकडे गेला म्हणजे डोक्याने बिघडला' हा गैरसमज दूर होण्यासही याचीच मदत होते.

दोन जिल्हे, दोन गरजा

नांदेड आणि लातूर हे शेजारचे जिल्हे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झालेला लातूर आणि गोदाकाठचा नांदेड यांची भाषा, शेती व हवामान पुष्कळसे एकसारखे आहे. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ या दोन्ही जिल्ह्यांना शिक्षणाच्या एका सूत्रात बांधते. असे असले तरी विद्यार्थ्यांच्या मनावरील ओझे दोन्हीकडे सारखे नाही.

लातूरचे नाव शैक्षणिक क्षेत्रात 'लातूर पॅटर्न'मुळे सर्वदूर गेले. राजर्षी शाहू महाविद्यालय व त्याचे तत्कालीन प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या प्रयोगाशी निगडित आहे. नियमित अध्यापन, वारंवार चाचण्या, प्रश्नपत्रिकांचा कसून सराव आणि प्राध्यापकांचे सामूहिक परिश्रम, ही त्याची वैशिष्ट्ये होत. मागास समजल्या जाणाऱ्या भागातील, शेतकऱ्यांच्या घरांतील मुले यामुळे वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली, हे या प्रयोगाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु याच यशामुळे आज बीड, धाराशिव, परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील हजारो मुले पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून लातुरात येतात. भाड्याची खोली, खानावळीचा डबा, सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग व अभ्यासिका, दर आठवड्याला चाचणी आणि तिचा क्रमांक, असा त्यांचा दिनक्रम असतो. वडिलांनी जमीन गहाण ठेवून किंवा सावकाराकडून रक्कम आणून शुल्क भरलेले असेल, तर गुणपत्रिकेतील प्रत्येक गुणाला त्या कर्जाचे वजन येते. नांदेड शहरातही शिकवणी वर्गांच्या परिसरात हेच चित्र दिसते.

दुसरी गरज ग्रामीण व डोंगराळ भागातील आहे. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतील तांड्यांवरून व वाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून ती परत येईतो मार्च-एप्रिल उजाडतो. मुले एकतर आई-बापांबरोबर फडावर जातात, नाहीतर आजीजवळ वा हंगामी वसतिगृहात राहतात. मुलगी मोठी होऊ लागली की तिला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, या काळजीतून तिचे लग्न लवकर उरकण्याचा विचार पुढे येतो. किनवट व माहूर भागात गोंड, कोलाम, आंध या आदिवासी समाजांची मुले आश्रमशाळांत शिकतात. देगलूर-बिलोलीच्या सीमाभागात घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत, तांड्यावर गोरमाटी बोलली जाते आणि नांदेड शहरात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. प्रमाण मराठीत सुरेख पाठ घेणाऱ्या प्रशिक्षणार्थीला या मुलांचे मौन हे अज्ञान वाटू शकते. वास्तविक ते केवळ भाषेचे अंतर असते. मुलाला दुःख सांगावयाचे असते ते घरच्या भाषेत, आणि शाळेत त्या भाषेला जागा नसेल तर दुःखालाही जागा उरत नाही.

या भागाने मनाच्या जखमांचा एक मोठा अनुभवही घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि ५२ गावे पूर्णतः उद्ध्वस्त होऊन नव्या जागी वसवावी लागली. आई-वडील गमावलेल्या सुमारे १,२०० मुलांची शिक्षणाची सोय पुण्यात भारतीय जैन संघटनेने केली. ज्ञान प्रबोधिनीने भूकंपग्रस्त भागातच, लोहारा तालुक्यातील हराळी येथे, निवासी शाळा उभारली. घरे पुन्हा उभी राहिली, तरी मुलांना धीर देणे, त्यांना बोलते करणे हे काम वेगळे असते व ते दीर्घकाळ करावे लागते, हे या भागातील शिक्षकांना कोणी पुस्तकातून शिकविण्याची आवश्यकता नाही.

एका पाठाचा नमुना

मार्गदर्शन पाठ कसा असावा, हे समजण्यासाठी इयत्ता नववीच्या वर्गासाठी चाळीस मिनिटांचा एक पाठ डोळ्यांसमोर आणू. विषय : 'मी मदत कोणाकडे मागेन?' साहित्य : प्रत्येकी एक कोरा कागद व पेन्सिल. उद्दिष्ट एकच, अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे जाता येईल अशा माणसांची विद्यार्थ्याला जाणीव व्हावी.

पहिली पाच मिनिटे प्रशिक्षणार्थी स्वतःची ओळख करून देतो आणि वर्गाबरोबर नियम ठरवितो : कोणी कोणाला हसणार नाही, सांगावयाचे नसेल तर न सांगण्याची मुभा राहील, वर्गात ऐकलेले बाहेर चघळले जाणार नाही. हे नियम मुलांच्याच तोंडून काढून फळ्यावर लिहिलेले बरे.

पुढील दहा मिनिटांत तो एक छोटा प्रसंग सांगतो. प्रसंग काल्पनिक असावा, वर्गातील कोणाचा नसावा. एका मुलाची गणिताची चाचणी बिघडली. घरी सांगण्याची भीती वाटते. तो दोन दिवस कोणाशी बोलत नाही. 'त्याच्या मनात काय चालले असेल?' एवढाच प्रश्न विचारावा व मुलांना बोलू द्यावे. दुसऱ्याच्या नावाने बोलताना मुले आपलेच मन मोकळे करतात, हा या पद्धतीचा फायदा होय.

त्यानंतरची पंधरा मिनिटे हा पाठाचा गाभा. प्रत्येकाने कागदावर आपला डावा पंजा ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवावी आणि पाच बोटांत पाच नावे लिहावीत. ज्यांना आपण अडचण सांगू शकतो अशी मोठी माणसे. नावे कोणाला दाखवावयाची नाहीत. मुले खाली मान घालून लिहू लागतात. प्रशिक्षणार्थीने या वेळी बोलू नये. वर्गातून सावकाश फिरावे.

या पंधरा मिनिटांत जे दिसते ते कोणत्याही चाचणीत दिसत नाही. काही मुले पाच बोटे भरून तळव्यातही नावे लिहितात. कोणी एकच नाव लिहिते, 'आजी', आणि थांबते. कारण आई-वडील साखर कारखान्याच्या फडावर असतात. लातुरातील अकरावीच्या वर्गात हाच पाठ घेतला, तर बोटे भरतीलही. पण ती सारी माणसे गावाकडची असतील, आणि रात्री अकरा वाजता खोलीत एकट्या बसलेल्या मुलाला जवळचे असे कोणीच नसेल. एखादा कागद मात्र पूर्ण कोरा राहतो. तो कोरा पंजा पाहण्यासाठीच हा पाठ असतो, असे म्हटले तरी चालेल. प्रशिक्षणार्थीने त्या मुलाला वर्गात काहीही विचारू नये, त्याच्या कागदाकडे टक लावून पाहू नये. त्याचे नाव फक्त मनात नोंदवावे.

अखेरच्या दहा मिनिटांत रिकाम्या बोटांचा प्रश्न सर्वांसाठी सोडवावयाचा. 'ज्यांची बोटे रिकामी राहिली, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. काही बोटे आपण आज मिळून भरू', असे म्हणून फळ्यावर शाळेतील व गावातील माणसे लिहावीत : वर्गशिक्षक, वसतिगृहाच्या अधीक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या ताई. त्याखाली अडचणीतील मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा 'टेली-मानस' सेवेचा १४४१६, हे दूरध्वनी क्रमांक लिहावेत व मुलांना उतरवून घेण्यास सांगावे. शेवटी स्वतःला केव्हा व कोठे भेटता येईल, तेही सांगावे. ज्या मुलाचा कागद कोरा होता, त्याला त्याच दिवशी, परंतु अन्य काही निमित्ताने, भेटावे. 'बाळा, नकाशे कपाटात ठेवायला जरा मदत कर' एवढे निमित्तही पुरते.

टाळावयाच्या चुका

प्रशिक्षणार्थींच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा ठराविक असतात. पहिली चूक उपदेशाची. 'खूप अभ्यास करा, आई-वडिलांचे पांग फेडा, मोबाईलपासून दूर राहा' असे सांगून तास संपविणे हे भाषण झाले. मुलांनी हे सर्व पूर्वी ऐकलेले असते. ज्या मुलाचे मन आधीच कर्जाच्या ओझ्याखाली दबलेले आहे, त्याच्यावर आई-वडिलांच्या कष्टांची आठवण आणखी एक ओझे टाकते.

दुसरी चूक खासगी गोष्टी वर्गात वदवून घेण्याची. मूल रडले म्हणजे पाठ परिणामकारक झाला, असा समज अत्यंत घातक आहे. वर्गात उघडे पडलेले मूल मधल्या सुट्टीत एकटे पडते.

तिसरी चूक भूमिकेची. सेवेतील शिक्षक प्रशिक्षणार्थी असेल, तर तो काल गुण देत होता, रागावत होता; आज तो 'मनातले सांगा' म्हणतो. मुलांनी लगेच विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहेच. पण मार्गदर्शकाने बोलण्यातील टोमणाही टाळला पाहिजे. शक्य असेल तेथे आंतरवासिता स्वतःच्या वर्गावर न करता अन्य वर्गावर करावी.

चौथी चूक स्वतःची निवड मुलांवर लादण्याची. वैद्यकीय व अभियांत्रिकी यांच्या पलीकडे वाटाच नाहीत, असा समज मार्गदर्शकाच्याच मनात असेल, तर तो इतरांना काय दाखविणार? औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, कृषी पदविका, परिचर्या, लातूरच्या डाळ उद्योगातील यंत्रकाम व हिशेबनिशी, अशा जवळच्या वाटांची नेमकी माहिती त्याने स्वतः जाऊन गोळा केली पाहिजे.

गुप्ततेची मर्यादा

समुपदेशकाने मुलाचे बोलणे गुप्त ठेवावे, हे या व्यवसायाचे पहिले तत्त्व. तथापि 'मी कोणालाही कधीच सांगणार नाही' असे वचन प्रशिक्षणार्थीने देता कामा नये. मुलाच्या जिवाला धोका असेल, तर ते संबंधितांना सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती मिळताच ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे व न कळविणे हा गुन्हा आहे. बालविवाहाचा घाट घातला जात असल्याचे कळल्यासही गप्प राहता येत नाही. म्हणून पहिल्याच पाठात सरळ शब्दांत सांगावे : 'तुमचे बोलणे माझ्याजवळ राहील. फक्त तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल, तर मी ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि शक्यतो तुम्हाला विचारून सांगेन.' एवढ्या स्पष्टपणाने विश्वास कमी होत नाही, उलट वाढतो.

प्रशिक्षणार्थी गेल्यानंतर

या साऱ्या कार्यातील सर्वांत नाजूक प्रश्न येथे उद्भवतो. आंतरवासिता तीन महिन्यांची. पहिला महिना ओळखीत जातो. दुसऱ्या महिन्यात मुले बोलू लागतात. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस प्रशिक्षणार्थी अहवाल सादर करून निघून जातो. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच कोणाजवळ मन उघडे केले, त्याच्या हातात काय उरते? 'मोठी माणसे येतात, ऐकतात आणि जातात' हा धडा त्याने घेतला, तर पुढच्या वेळी तो कोणाशीच बोलणार नाही. पाठ न झाल्यापेक्षा ही हानी मोठी आहे.

यासाठी पाठांची सुरुवात करण्यापूर्वीच शेवटाची व्यवस्था करावी लागेल. शाळेतील एक शिक्षक व एक शिक्षिका पहिल्या दिवसापासून प्रशिक्षणार्थीबरोबर वर्गात बसावीत. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी 'आरोग्यदूत' म्हणून काम करावे, अशी योजना आहे. हेच दोन शिक्षक या कामी घेता येतील. तिसऱ्या महिन्यात पाठ त्यांनी घ्यावेत व प्रशिक्षणार्थीने मागे बसावे. ज्या मुलांशी वैयक्तिक संवाद झाला, त्या प्रत्येक मुलाच्या संमतीने त्याची ओळख त्याने पसंत केलेल्या शिक्षकाशी करून द्यावी. शाळा सोडण्याचा दिवस मुलांना दोन आठवडे आधी सांगावा. ज्यांना वैद्यकीय मदतीची गरज आहे, त्यांच्या पालकांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी जोडून द्यावे. प्रशिक्षण संस्थांनी आंतरवासितेचे मूल्यमापन करताना पाठांची संख्या मोजण्याबरोबरच ही सोपवणूक कशी झाली, हेही पाहणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

समुपदेशकाला शाळेची चार भिंतींची मर्यादा पडते. मुलाच्या अडचणीचे मूळ पुष्कळदा त्या भिंतींच्या बाहेर असते आणि तेथे गावाने पुढे यावयाचे असते. शाळा व्यवस्थापन समितीने मार्गदर्शनाच्या तासिकेला वेळापत्रकात आठवड्यातून एक निश्चित जागा द्यावी व ती अन्य विषयांच्या जादा तासांसाठी घेतली जाणार नाही, असा ठराव करावा. वैयक्तिक संभाषणासाठी एक खोली, निदान पडद्याने वेगळा केलेला एक कोपरा मिळावा. ग्रामपंचायतीने ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठका नियमित घ्याव्यात आणि ऊसतोडीला कुटुंबे निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, मागे राहणाऱ्या मुलांची यादी शाळेबरोबर बसून तयार करावी. कोणते मूल कोणाजवळ राहणार आणि त्याची चौकशी कोण करणार, एवढे दोन रकाने त्या यादीत असले तरी पुष्कळ काम होईल. बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी असलेले ग्रामसेवक, म्हणजेच आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि शाळा यांचा या बाबतीत परस्परांशी संपर्क असावा.

शहरांत हीच जबाबदारी वसतिगृहचालक, शिकवणी वर्गांचे संचालक आणि खोल्या भाड्याने देणारे घरमालक यांच्याकडे जाते. डबा तसाच परत येणे, मुलाने वर्ग बुडविणे, दार लावून बसणे, या गोष्टी प्रथम त्यांनाच दिसतात. निकालाच्या व चाचणीच्या दिवसांत त्यांनी थोडी अधिक विचारपूस करावी. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करीत असते. ते वृत्तपत्रात वाचून न थांबता शाळेच्या फलकावर व खानावळीच्या भिंतीवर लावले जावेत.

समारोप

शालेय समुपदेशनाचे यश आकड्यांत मांडणे कठीण असते. जे संकट टळले, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. तरीही आठवड्याची एक तासिका, एक कोरा कागद आणि ऐकून घेणारा एक माणूस, एवढ्या अल्प साधनांतून हे कार्य सुरू होऊ शकते, ही दिलासा देणारी बाब आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांनी परीक्षेतील यशाचा मार्ग साऱ्या राज्याला दाखविला. त्या मार्गावरून चालणाऱ्या मुलांना थकवा आला, तर टेकण्यासाठी हात कोणाचा, हेही आता याच जिल्ह्यांनी दाखवून द्यावयाचे आहे. त्यासाठी शाळेत येणाऱ्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकाकडे बाहेरून आलेला पाहुणा म्हणून न पाहता, आपल्या मुलांसाठी आलेला सहकारी म्हणून पाहावे आणि तो परत जाईल त्या दिवशी त्याचे काम पुढे नेणारी निदान दोन माणसे प्रत्येक शाळेत तयार असावीत, एवढी काळजी आपण सर्वांनी घेतली पाहिजे.